पाच आणि पंच

२०२४ च्या २४ ऑक्टोबरला आमच्या शाळेत संयुक्त राष्ट्र दिन साजरा झाला. साजरा झाला म्हणजे काय, तर परिपाठ संपल्यावर मुलांना दहा मिनिटे जास्त बसवून ठेवले आणि मी बोललो. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती. मुलांचे चित्त फटाक्यांच्या दुकानाकडे होते आणि शिक्षकांचे सत्र परीक्षेच्या पेपरांकडे. असली भाषणे करण्याचे काम दर वर्षी माझ्याकडेच येते. मी दोनचार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यामुळे मला जगातल्या कोणत्याही विषयावर बोलता येते असा एक समज शाळेत आहे, आणि तो मोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा मी आजवर दाखवलेला नाही.

मी नेहमीचेच सांगितले. दुसऱ्या महायुद्धाचा संहार पाहून राष्ट्रे शहाणी झाली, २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला सनदेवर सह्या झाल्या, २४ ऑक्टोबरला ती अमलात आली. तेव्हा ५१ सभासद होते, आज १९३ आहेत. सुरक्षा समितीत पंधरा राष्ट्रे बसतात, त्यांतली पाच कायमची. भारत पहिल्यापासून सभासद आहे आणि आपले जवान निळ्या टोप्या घालून परक्या मुलखात शांतता राखायला जातात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या भाषण चांगले झाले म्हणून नव्हत्या, ते संपले म्हणून होत्या, हे कळण्याइतकी माझी नोकरी झाली आहे.

मी व्हरांड्यातून वर्गाकडे निघालो, तेव्हा आठवीतला एक मुलगा मागोमाग आला. वर्गात फारसे न बोलणारा, खालमानेचा मुलगा.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"युनोनं सगळ्या लढाया बंद केल्या, तर बाबांचं काम राहील का?"

त्याचे वडील भद्रावतीच्या आयुध निर्माणीत आहेत. मी घाईत होतो. हसून म्हणालो, "अरे, लढाया काही इतक्या लवकर बंद होत नाहीत. तू काळजी करू नकोस."

आणि मुलाचा चेहरा उजळला. मनावरचे ओझे उतरल्यासारखा तो पळत वर्गात गेला. पाच मिनिटांपूर्वी ज्या तोंडाने मी जागतिक शांततेचा महिमा गायिला होता, त्याच तोंडाने मी एका तेरा वर्षांच्या पोराला धीर दिला की युद्धे चालू राहणार आहेत. आणि त्याला खरा धीर वाटला तो भाषणाने नव्हे, या वाक्याने. हा प्रसंग इतका लहान आहे की कोणाला सांगायलाही संकोच वाटावा. पण तो वर्षभर माझ्या मनातून गेलेला नाही, आणि या लेखाचे निमित्त तोच आहे.

माजरी कुठे आहे हे थोडे सांगायला हवे. वर्ध्याकडून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वरोऱ्यानंतर आमचे स्टेशन लागते, आणि आमच्या पुढचे स्टेशन भांदक, म्हणजेच भद्रावती. वणीकडे जाणारा फाटा येथेच फुटतो. गाव कोळशाचे. उन्हाळ्यात वाळत घातलेले धोतर संध्याकाळी काढावे तर त्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. मागच्या स्टेशनाजवळ, वरोऱ्याला, बाबा आमट्यांचे आनंदवन आहे. पुढच्या स्टेशनाजवळ, भद्रावतीला, तोफगोळ्यांत दारू भरण्याचा कारखाना आहे. १९६२ साली चीनने आपल्याला जे शिकवले त्यातून तो त्या दशकात उभा राहिला. आधी तो सरकारी खात्याचा होता, १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला आहे. त्याच भद्रावतीत विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत, आणि आतले बुद्ध शतकानुशतके डोळे मिटून बसलेले आहेत. आमची मुले सहलीला एका वर्षी आनंदवनात जातात, दुसऱ्या वर्षी लेण्यांत. कारखान्यात सहल जात नाही, पण वर्गातल्या कित्येक वह्या-पुस्तकांचा खर्च तिथूनच निघतो.

ही गंमत केवळ आमच्या दोन स्टेशनांची नाही. साऱ्या विदर्भाचीच आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे, पवनार आहे, आणि पुलगावचे दारूगोळ्याचे मोठे कोठारही आहे. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरच्या युद्धविरोधकांची परिषद आधी शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामात भरली. तीसहून अधिक देशांतले लोक गांधींच्या झोपडीसमोर बसून युद्ध कसे टाळावे याचा खल करत होते. आमच्या तुकडोजी महाराजांना १९५५ साली जपानात विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला बोलावले गेले, आणि खंजिरी घेऊन ते गेलेही. तेव्हा शांततेची भाषा आम्हांला नवी नाही. बहुधा ती आम्हांला फार सोपी झाली आहे, आणि माझ्या भाषणात जो पोकळपणा होता त्याचे कारणही तेच असावे.

पोराच्या प्रश्नाने मला आधी शरम वाटली. मग हळूहळू ध्यानात आले की हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हे. सुरक्षा समितीतल्या पाच कायमच्या सभासदांना, अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स आणि ब्रिटन यांना, जगाच्या शांततेची मुख्य जबाबदारी सनदेने दिली आहे. आणि शस्त्रे विकणाऱ्या मोठ्या देशांची यादी काढली तर त्यात ही पाचही नावे सापडतात. म्हणजे तेथे गोल टेबलाभोवती बसून हे पाचजण जेव्हा एखाद्या लढाईचा विचार करतात, तेव्हा त्यांच्याही मनाच्या तळाशी तोच प्रश्न असणार: लढाया बंद झाल्या तर आपले काम राहील का? फरक इतकाच की आमच्या मुलाने तो व्हरांड्यात उघड विचारला.

या पाचांच्या नकाराधिकाराविषयी लिहायचे तर रागाने लिहिणे सोपे आहे. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरच्या आक्रमणाविरुद्धचा ठराव मांडला गेला, तेव्हा समितीचे अध्यक्षपद रशियाकडेच होते. आरोपीच खुर्चीवर बसलेला. त्याने हात वर केला आणि ठराव पडला. आपण तटस्थ राहिलो. ८ डिसेंबर २०२३ ला गाझामध्ये युद्ध थांबवण्याचा ठराव आला. पंधरांपैकी तेराजण बाजूने होते, ब्रिटन तटस्थ, आणि अमेरिकेच्या एका हाताने तो पडला. गावच्या चावडीवर पंच म्हणून बसलेल्या माणसाने आपल्याच भावकीच्या तंट्यात असा निकाल दिला, तर आम्ही त्याला पंच म्हणणार नाही. दुसरा शब्द वापरू, आणि तो या अंकात छापता येणार नाही.

पण येथे माझी लेखणी थोडी अडखळते. कारण याच नकाराधिकाराने एकदा आपले भले केले आहे, आणि ते आपण विसरणे सोयीचे समजतो. १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्य गोव्याच्या हद्दीवर होते. १८ तारखेला पोर्तुगालच्या तक्रारीवरून सुरक्षा समिती बसली. लढाई थांबवा आणि सैन्य मागे घ्या असा ठराव आला. समिती तेव्हा अकरांची होती आणि ठराव मंजूर व्हायला सात मते लागत. सात मते पडली. विरुद्ध चार होती, पण त्या चारांत सोव्हिएत रशिया होता. ठराव पडला. १९ तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती दिली आणि साडेचारशे वर्षांचा अंमल संपला. महाराष्ट्रात त्या दिवशी नकाराधिकार ही अन्यायाची गोष्ट आहे असे कोणी म्हटले असेल, असे मला वाटत नाही. मीही म्हटले नसते. १९७१ च्या डिसेंबरातही, बांगलादेशची लढाई चालू असता, रशियाच्या नकारानेच आपल्याला वेळ मिळाला.

कोणी म्हणेल, गोवा आपला होता, तेथे न्याय आपल्या बाजूला होता. होताच. परंतु न्याय आपल्या बाजूला आहे असे न वाटणारा एकही देश त्या टेबलाभोवती आजवर बसलेला नाही. आपल्या भल्याचा नकार तो न्यायाचा आणि दुसऱ्याच्या भल्याचा तो मुजोरीचा, असे जर म्हणायचे असेल, तर आपण नकाराधिकाराच्या विरुद्ध नाही. आपण फक्त सहाव्या खुर्चीच्या प्रतीक्षेत आहोत. भारताला कायमची जागा मिळावी ही मागणी मलाही योग्य वाटते, पण ती मागताना आपण काय मागत आहोत हे एकदा आरशात पाहून घ्यावे.

गोव्याआधी आपण कायद्याचा मार्गही चालून पाहिला होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगरहवेली पोर्तुगीजांकडून सोडवली गेली. त्यात मराठी तरुण मोठ्या संख्येने होते, सुधीर फडक्यांसारखा गायकही होता. पोर्तुगाल १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले: आमच्या मुलखात जायला भारतातून वाट मिळालीच पाहिजे. भारताच्या वतीने महंमद करीम छागला त्या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून बसले. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्याला, सशस्त्र पोलिसांना आणि शस्त्रांना नव्हती, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असा. शेतातल्या वहिवाटीचा दावा जसा तालुक्याला चालावा तसा हा दावा चालला. दोन्ही पक्ष काळ्या कोटात समोरासमोर उभे राहिले आणि कोणाच्या तोफा किती, हे न्यायाधीशांनी विचारले नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तरीही पुढची दोन वर्षे सरायच्या आत आपण गोव्यात सैन्य धाडले हेही खरे, आणि साळाझार नावाचा माणूस कोणत्याही न्यायालयाने हलला नसता हेही तितकेच खरे. या दोन खऱ्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

नकाराधिकाराचा विचार करताना मला नेहमी आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) आठवते. धानोरा तालुक्यातले हे गोंडांचे लहानसे गाव, पाचशेच्या आसपास वस्तीचे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा महाराष्ट्राने ऐकलेली आहे. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला आणि बांबूचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती त्यांच्या ग्रामसभेची रीत. तेथे बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांची संमती झाली तरच निर्णय. एकाही माणसाचा, एकाही बाईचा मनापासून विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.

म्हणजे पाहा, मेंढ्यात प्रत्येकाला नकाराधिकार आहे! न्यूयॉर्कला तो पाचांना आहे आणि त्यामुळे तेथे काही घडत नाही. मेंढ्यात तो साऱ्या गावाला आहे आणि तेथे जंगल राखले जाते, बांबू विकला जातो, पैशाचा हिशेब लागतो. अधिकार तोच. पाचांच्या हाती तो गेला की त्याचे हत्यार होते, कारण ज्याच्याकडे तो नाही त्याला विचारण्याची गरज उरत नाही. सगळ्यांच्या हाती असला की प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरी जाऊन बसावे लागते, त्याची अडचण समजून घ्यावी लागते, आपलाच ठराव चार वेळा दुरुस्त करावा लागतो.

हे मी एका मित्रापुढे मोठ्या उत्साहाने मांडले. तो इतिहास शिकवतो. त्याने शांतपणे चहा संपवला आणि विचारले, "मग राष्ट्रसंघ का बुडाला?" मी गप्प झालो. पहिल्या महायुद्धानंतर स्थापलेल्या जुन्या राष्ट्रसंघात महत्त्वाच्या निर्णयांना सर्वांची संमती लागत असे. तेथे सर्वांनाच नकाराधिकार होता. १९३१ साली जपान मांचुरियात शिरला, १९३५ साली इटलीने ॲबिसिनियावर स्वारी केली, आणि राष्ट्रसंघ ठराव लिहीत राहिला. तेव्हा माझे मेंढ्याचे औषध जगाने माझ्या जन्माच्या कितीतरी आधी घेऊन पाहिले होते, आणि रोगी दगावला होता. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माणसाने सिद्धान्त मांडताना शेजारी एक इतिहासाचा शिक्षक ठेवावा.

तरीही मेंढ्यात जे चालते ते का चालते, याचा विचार सोडवेना. एक कारण मला असे दिसते की मेंढ्यात नकार देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने जंगलात जायचे असते, त्याच विहिरीवर पाणी भरायचे असते. नकाराची किंमत त्याला स्वतःला रोज मोजावी लागते. मॉस्कोच्या किंवा वॉशिंग्टनच्या नकाराची किंमत खारकिवचा म्हातारा आणि गाझाचे मूल मोजते. दुसरे म्हणजे मेंढ्यात निर्णयाच्या सभेखेरीज अभ्यासगट असतात. तेथे नुसते बोलायचे, समजून घ्यायचे, निर्णय घ्यायचा नाही. जिंकायचे नसते तेव्हा माणसे बरीच ऐकतात. संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा हा असाच एक मोठा अभ्यासगट आहे असे म्हटले, तर तिच्या ठरावांना बळ नाही ही तक्रार थोडी सौम्य होते. डिसेंबर १९४६ मध्ये विजयालक्ष्मी पंडितांनी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचा छळ त्या सभेपुढे मांडला, आणि सभेने भारताच्या बाजूने कौल दिला. आफ्रिकेचे सरकार त्याने बदलले नाही. पण आपल्या घरात आपण काय करतो हे जगाला विचारता येत नाही, हा त्या सरकारचा बचाव त्या दिवसापासून पूर्वीसारखा राहिला नाही. तो पुरता कोसळायला पुढे पंचेचाळीस वर्षांवर लागली.

पंच म्हणजे कोण, हे ज्याने करून दाखवले असा एक मराठी माणूस आपल्याकडे होऊन गेला, आणि शाळेच्या पुस्तकांत त्याचे नाव नाही याचे मला दुःख आहे. कोल्हापूरकडचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. १९५३ साली कोरियाचे युद्ध थांबले, पण कैद्यांचा प्रश्न उरला. बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. दुसऱ्या बाजूलाही असे साडेतीनशेवर होते. या माणसांचे काय करायचे यावर युद्ध लांबले होते. त्यातून वाट काढणारा ठराव भारताने डिसेंबर १९५२ मध्ये आमसभेत मंजूर करून घेतला होता. पुढे युद्धबंदीच्या करारानुसार तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला नकार दिला. मग अमेरिकनांनी त्यांना बोटीवरून हेलिकॉप्टरांनी उचलून थेट दोन सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवले. जेथे कोणाचीच सत्ता नाही अशा त्या जमिनीवर आपल्या लोकांनी तंबू ठोकले आणि नाव दिले हिंदनगर. मला हे चित्र फार आवडते. पंचाला उभे राहायला जागा नाकारली, म्हणून तो आकाशातून मध्येच उतरला!

सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला तारेच्या कुंपणाआत कोंडून धरले. बाहेरून गोळीबार केला असता तर ग्रेवालही गेले असते आणि पाचपन्नास कैदीही. थोरात स्वतः आत शिरले. हजारो संतप्त माणसांच्या गर्दीत बोलत राहिले आणि आपल्या माणसाला सोडवून आणले. त्याबद्दल त्यांना पुढे अशोकचक्राचा दुसरा वर्ग मिळाला. सगळेच इतके गोड झाले नाही. काही दिवसांनी पहारेकऱ्यांना गोळी झाडावी लागली आणि कैदी मेले. तीन महिने समजावणीचे काम रखडत चालले, फार थोडे लोक परत जायला राजी झाले. शेवटी जानेवारी १९५४ मध्ये उरलेल्यांना ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडेच सोपवले. दोन्ही बाजूंनी भारताला नावे ठेवली. ८८ कैद्यांना कोणतीच बाजू नको होती, ते आपल्या सैनिकांबरोबर बोटीत बसून भारतात आले.

याला यश म्हणावे का? वर्तमानपत्री अर्थाने नाही. पण पंचाचे काम न्याय करण्याआधी मध्ये उभे राहण्याचे असते, आणि मध्ये उभे राहणाऱ्याला दोन्हीकडचे दगड लागतात. जगाच्या संघटनांचा विचार आपण नेहमी पाचांच्या खुर्च्यांकडे पाहून करतो. त्या पट्ट्यातल्या तंबूंकडे पाहून केला तर हिशेब थोडा वेगळा येतो.

आता या थोरातांचा दुसरा अध्याय. पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना चीन कोणत्या वाटेने येईल आणि ईशान्य सीमेवर किती फौज हवी, याचा आराखडा त्यांनी १९५९ साली वर पाठवला. त्यावर १९६० साली लष्करी सराव घेऊन दाखवला. तो बासनात राहिला. ते निवृत्त झाले, आणि १९६२ उजाडले. म्हणजे हाती काही न धरता कैद्यांच्या गर्दीत शिरणारा माणूसच सांगत होता की सीमेवर तोफा आणि गोळे लागतील. भद्रावतीचा कारखाना त्यांचे न ऐकल्याच्या प्रायश्चित्तातून उभा राहिला असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मग मी त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो की तुझ्या वडिलांचे काम वाईट आहे?

माझ्या मनाचा एक कोपरा मात्र याने शांत होत नाही, आणि त्याला कारण चंद्रपूर आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला लोकांना धम्मदीक्षा दिली. दर ऑक्टोबरात त्या दिवशी आमच्या स्टेशनावरून गाड्या भरून जातात. बाबासाहेबांचा बुद्धावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली निघाला. त्यात सिद्धार्थाने घर का सोडले याची निराळीच हकिगत आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचा तंटा होता. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ उठून म्हणाला की आपण दोन माणसे निवडू, त्यांनी दोन निवडावी, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा, आणि त्या पाचांनी निकाल द्यावा. बहुमताने त्याचा ठराव पडला. युद्धाला जाणार नाही म्हटल्यावर घरादारावर जप्ती आणि बहिष्कार यांची भीती समोर ठेवली गेली, तेव्हा त्याने परिव्राजक होणे पत्करले.

पाच तेथेही आहेत. पण ते पाच दोन्ही बाजूंनी निवडलेले, आणि त्यांतला पाचवा कोणाचाच नाही. आपल्या सुरक्षा समितीला नेमका तो पाचवा कधी सापडला नाही. तेथले पाचही पहिले आहेत.

त्या कथेचा पुढचा भाग मला जास्त छळतो. सिद्धार्थाला नंतर वार्ता मिळते की शाक्य-कोलियांचा समेट झाला. तेव्हा आनंद मानून घरी परतावे, तर तो विचारात पडतो. राजाराजांचे युद्ध हा मोठ्या कलहाचा एक भाग, घराघरांतला, वर्गावर्गांतला कलह तर चालूच आहे. त्याचे काय? सेवाग्रामची परिषद आणि न्यूयॉर्कची समिती यांना ज्याचे उत्तर देता येत नाही ते हेच. अन्न ज्या कामातून येते ते काम माणूस सोडू शकत नाही, आणि त्या कामाला गिऱ्हाईक हवे असते.

आनंदवनाची एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. पियेर सेरेसोल नावाच्या स्विस गृहस्थाने १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात, कालचे शत्रू असलेल्या देशांचे तरुण एकत्र आणून घरे बांधायला घेतली. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना निघाली. बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः तेथे येऊन राबले. याच संघटनेचे स्वयंसेवक १९५० च्या दशकात आनंदवनात आले आणि कुष्ठरोग्यांबरोबर मातीविटा वाहून त्यांनी इमारत उभी केली. वरोऱ्यातले लोक तोवर त्या बाजूची भाजीसुद्धा हाती धरायला कचरत. परदेशी पोरे रोग्यांच्या पंगतीला बसलेली पाहून त्यांची भीड चेपू लागली. ही आंतरराष्ट्रीय संघटना कोणत्याही ठरावात नसते, तिला नकाराधिकार नाही, आणि तिने एकही युद्ध थांबवले नाही. व्हर्दूनच्या त्या खेड्यातूनही, जर्मन पोरे नकोत म्हणून, तिला काम अर्धवट टाकून निघावे लागले होते.

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामगार दगावले. आमच्या गावात त्या संध्याकाळी कोणी मोठ्याने बोलले नाही. पुढच्या रविवारी त्या मुलाचे वडील माझ्याकडे आले. दाराबाहेर चपला काढून ओट्यावर बसले.

"गुरुजी, पोट्ट्यानं मांगं काहीबाही इचारलं म्हणते तुमाले. मनावर नोका घेऊ जी."

मी म्हणालो, "प्रश्न बरोबर होता. उत्तरच मी चुकीचे दिले."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की कारखान्याच्या आत जाताना काडीपेटी, मोबाइल, सारे बाहेर ठेवावे लागते, आणि बावीस वर्षे झाली, घरात दिवाळीला फटाका आणलेला नाही. पोरगा दर वर्षी रडतो. "दिवसभर तेच भरतो ना जी. सणाच्या दिवशी आवाज आयकवत नाही." आणि जाता जाता म्हणाले, "आमी भरतो ते सीमेवर जाते. तिकडं आपलेच पोट्टे हायेत. त्याह्यच्या हाती काय द्याचं मंग? पण खरं सांगू, भरलेला गोळा कोठी राह्यला, उडलाच नाही, तं मले बरंच वाटते."

मी त्यांना संयुक्त राष्ट्रसंघाविषयी काही सांगितले नाही. सांगण्यासारखे माझ्यापाशी नव्हते.

शाळा पुन्हा भरल्यावर मी मुलाला बोलावले. म्हटले, "तू विचारलेस त्याचे खरे उत्तर मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी तुला उगाच काहीतरी सांगितले."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "मग सर, भाषणात तसं का नाही सांगितलं?" एवढे विचारून तो मैदानाकडे गेला. तेथे चेंडू कोणाच्या गटाचा यावरून भांडण चालू होते, आणि दोन्ही बाजूंची पोरे त्यालाच हाका मारत होती.